हरभरा उगवला, पण कोणाचा?
(इयत्ता सातवी – विज्ञान – चित्रफीत प्रकल्प : नियोजन, निर्मिती आणि मूल्यमापन)



मोबाइलवर फिल्म बनवणं आता मुलांना शिकवावं लागत नाही. आपल्यापेक्षा त्यांचीच बोटं भरभर चालतात. प्रश्न आपल्यापुढे येतो तो नंतर. समोर सुंदर चित्रफीत आहे, वर्ग टाळ्या वाजवतोय, आणि आपल्या हातात गुणपत्रक आहे. गुण कशाला द्यायचे? मी यात एकदा चांगलीच फसले. त्या फसण्यातून जो आराखडा तयार झाला तो इथे सविस्तर मांडते आहे.

प्रकल्पाची कल्पना

कल्पना सुचली ती दादासाहेब फाळक्यांवरून. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला हे मुलांना माहीत असतं. पण त्याआधी, १९१२ मध्ये, फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपापुढे कॅमेरा लावला होता. महिनाभर थोडं थोडं चित्रण करत त्यांनी रोपाच्या वाढीचा मिनिटभराचा लघुपट केला आणि भांडवल देऊ शकणाऱ्यांना तो दाखवला. हे सांगितल्यावर वर्गातून लगेच आवाज आला, "मॅडम, आपण पण करू की!"

सातवीच्या विज्ञानात बीज, आदिमूळ, अंकुर, बीजपत्रे हे सगळं आहेच. तेव्हा विषय ठरला 'बी ते रोप'. ३० मुलं, पाच-पाच जणांचे सहा गट. तीन गटांना हरभरा, तीन गटांना चवळी. प्रत्येक गटाने दोन मिनिटांची चित्रफीत करायची.

टप्पा १ : नियोजन

पहिला तास मोबाइलला हात न लावता. आधी प्रश्न ठरवायचा. 'बी कसं उगवतं' हा प्रश्न फार मोठा आहे. आम्ही तो लहान केला : "उगवताना डाळीची दोन दलं, म्हणजे बीजपत्रं, मातीच्या वर येतात की मातीतच राहतात?" चवळीची वर येतात, हरभऱ्याची मातीतच राहतात. पण हे मी सांगितलं नाही. ते चित्रफितीतून दिसायला हवं होतं. प्रश्न ठरला की कॅमेरा कुठे ठेवायचा, कधी फोटो काढायचा हे आपोआप ठरत जातं.

मग कागदावर सहा चौकोन. प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने एक चित्र, खाली एक वाक्य. यालाच स्टोरीबोर्ड म्हणतात. चित्र चांगलं नसलं तरी चालतं. काड्यांची माणसं पुरतात.

त्यानंतर गूगल शीट. शाळेच्या एकाच खात्यावर सहा गटांची सहा पानं केली. रकाने असे : दिनांक, वेळ, फोटो क्रमांक, मुळाची लांबी (मिमी), रोपाची उंची (मिमी), पाणी किती चमचे, काय वेगळं दिसलं, नोंद कोणी केली. शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. गटात काम एकजण करतो आणि नाव पाचजणांचं लागतं, हा आपला जुना अनुभव आहे. नावाचा रकाना असला की मुलं स्वतःच पाळी लावून घेतात.

थोडं गणितही इथेच झालं. सकाळी ११, दुपारी १.३० आणि ४.३० असे दिवसाला तीन फोटो. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून त्या दिवशी १०.३० चा एकच. दोन आठवड्यांचे झाले ३२ फोटो. प्रत्येक फोटो ०.२ सेकंद दाखवला तर एकूण ६.४ सेकंद. मुलं हबकली. "दोन आठवड्यांचे फक्त सहा सेकंद?" मग दोन मिनिटं कशी भरायची? त्यांनीच मार्ग काढला : वाढ एकदा नुसती दाखवायची, दुसऱ्यांदा निवेदनासह, तिसऱ्यांदा थांबवून थांबवून. बाकी वेळेत नोंदी, आलेख आणि निष्कर्ष.

टप्पा २ : निर्मिती

साहित्य साधं होतं. पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास, तळाला भोक, आत माती, आणि बी ग्लासच्या कडेला टेकवून साधारण दोन सेंटिमीटर खोल, म्हणजे मूळ बाहेरून दिसतं. ग्लासभोवती काळा कागद गुंडाळायचा, फोटोपुरता काढायचा. कॅमेरा म्हणून माझा जुना फोन आणि शाळेचा एक टॅब. घरचा फोन कोणालाही आणायला सांगितला नाही. कारण अनेक घरांत एकच फोन असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो. ज्याच्याकडे फोन त्याचाच प्रकल्प, असं होऊ नये.

काही गोष्टी चुकत चुकत कळल्या :

• फोन दरवेळी त्याच जागी हवा. आम्ही दोन विटांवर फोन ठेवला आणि विटांभोवती व ग्लासभोवती खडूने रेघ मारली. पहिल्या दोन दिवसांचे फोटो हलल्यामुळे रोप नाचल्यासारखं दिसत होतं.
• फोटोआधी पडद्यावर रोपाच्या जागी बोट दाबून ठेवलं की फोकस आणि प्रकाश तिथेच स्थिर राहतो. नाहीतर एक फोटो उजळ, एक काळपट.
• ग्लासमागे पांढरा कागद, त्यावर पट्टी चिकटवलेली. उंची फोटोतच मोजता येते.
• फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवले की लहान होतात आणि तपशील जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत किंवा केबलने संगणकावर घ्यावेत.
• फाइलला नाव द्यायचं. 'हरभरा-१-फोटो-०९' असं नाव असलं की नोंदीशी जुळवता येतं.

निवेदन लिहिताना व्हॉइस टायपिंगचा छान उपयोग झाला. ज्या मुलांना लिहायचा कंटाळा, ती बोलली. पडद्यावर उमटलेला मजकूर मग सगळ्यांनी मिळून दुरुस्त केला. 'आदिमूळ'चं फोनने 'आधी मूळ' केलं तेव्हा वर्ग हसला, पण शब्द कायमचा लक्षात राहिला. आधी मूळच तर येतं! शुद्धलेखनाचा तास वेगळा घ्यावा लागला नाही.

ध्वनिमुद्रण मधल्या सुट्टीनंतर, खिडक्या लावून. बोलण्याआधी पाच सेकंद सगळ्यांनी गप्प राहायचं. ऑडॅसिटीमध्ये तो शांत तुकडा नमुना म्हणून निवडला की पंख्याची घरघर बरीच कमी करता येते. संकलनासाठी संगणकावर ओपनशॉट, टॅबवर इनशॉट. दोन्ही मोफत चालतात. चित्रपटातली गाणी घालायची नाहीत हा नियम आधीच केला. एका गटाने बाकावर बोटांनी ठेका धरून तोच पार्श्वसंगीत म्हणून वापरला.

एक गंमत सांगायलाच हवी. चवळीच्या एका गटाने निष्कर्ष लिहिला : "रोप रविवारी सर्वांत जास्त वाढते." चित्रफितीत खरंच तसं दिसत होतं. शनिवारनंतर रोप एकदम उडी मारत होतं. मी शीट उघडायला सांगितली. शनिवारचा फोटो १०.३० चा आणि पुढचा थेट सोमवारी ११ चा. मध्ये ४८ तासांहून जास्त अंतर. एरवी संध्याकाळच्या फोटोपासून दुसऱ्या सकाळपर्यंत साडेअठरा तास. "म्हणजे रोप नाही, आपणच सुट्टीवर होतो," एकजण म्हणाला. पडद्यावर दिसतं ते आणि घडतं ते यात फरक असू शकतो, हे मी भाषण करून कधीच शिकवू शकले नसते.

जिथे मी फसले

सादरीकरणाच्या दिवशी हरभऱ्याच्या एका गटाची फिल्म सगळ्यांत देखणी निघाली. वाढ अगदी सुळसुळीत, कुठे धक्का नाही, रविवारची उडी नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझ्या गुणपत्रकात 'चित्रण १०, संकलन ५, सादरीकरण ५' असे रकाने होते. मी २० पैकी १९ लिहून मोकळी झाले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून दुसऱ्या हरभरा गटातली एक मुलगी उभी राहिली. तिच्या गटाची फिल्म हललेली, मध्ये दोन फोटो गायब. ती म्हणाली, "मॅडम, ह्यांचा हरभरा आहे ना? मग डाळी मातीच्या वर कशा आल्या? आमच्या तर खालीच राहिल्या."

वर्ग शांत झाला. मी फिल्म पुन्हा लावली. खरंच, बीजपत्रं मातीतून मान वर काढून उघडत होती. ते हरभऱ्याचं रोप नव्हतंच. नेटवरून उतरवलेली कुठल्यातरी घेवड्याची चित्रफीत होती. आणि हे मला, विज्ञानाच्या शिक्षिकेला, दिसलं नव्हतं. मी संकलन बघत होते. ती मुलगी रोप बघत होती.

त्या गटाला मी वर्गासमोर काही बोलले नाही. शाळा सुटल्यावर बसवून विचारलं. पाचव्या दिवशी त्यांचं बी कुजलं होतं. पुन्हा लावायला वेळ नव्हता. "रोपच नाही म्हटल्यावर चित्रणाचे दहा गुण जाणार होते ना, मॅडम." मी गुणपत्रक पुन्हा पाहिलं. मुलांचं चुकलं होतं, यात शंका नाही. पण कुजलेल्या बीला माझ्या कागदावर कुठेच जागा नव्हती. त्यांच्या हाती प्रामाणिक राहून मिळवण्यासारखे गुण मी ठेवलेच नव्हते.

मी १९ गुण खोडले आणि त्यांना आठवडा दिला. नवी फिल्म करायची, पण आहे त्या फोटोंतूनच. विषय : 'आमचा हरभरा का कुजला?' त्यांनी जुने फोटो मोठे करून पाहिले. नवव्या फोटोत ग्लासच्या तळाशी पाणी साचलेलं दिसलं. ग्लासला भोक पाडायचंच राहिलं होतं! शेजारच्या गटाच्या शीटशी पाणी ताडून पाहिलं, तर चमचे सारखेच. म्हणजे पाणी जास्त घातलं नव्हतं, त्याला निघायला वाट नव्हती. मुळांना हवा लागते, हे त्या गटाने स्वतःच्या चुकीतून सिद्ध केलं. दीड मिनिटाची ती फिल्म दिसायला साधीच होती. पण सहाही गटांत खरा शोध लावणारी तीच.

टप्पा ३ : मूल्यमापन

प्रकल्प हे आकारिक मूल्यमापनाचं एक साधन आहे. आकार घेत असतानाच पाहायचं, शेवटी नाही. मी मात्र शेवटचा पडदाच तपासत होते. आता २० गुणांची विभागणी अशी करते, आणि ती पहिल्याच तासाला मुलांना लिहून देते :

१. प्रश्न आणि स्टोरीबोर्ड – ४ गुण
२. शीटमधील नोंदी (नियमितपणा, वेळ, मापे, चुकलेल्या नोंदीही मान्य केलेल्या) – ५ गुण
३. निष्कर्ष स्वतःच्या नोंदींवरून काढला आहे का – ४ गुण
४. तोंडी प्रश्न, प्रत्येकाला वेगळे – ३ गुण
५. चित्रफितीची स्पष्टता (दिसते का, ऐकू येते का) – २ गुण
६. उसने साहित्य कुठून घेतले ते पडद्यावर सांगितले आहे का – २ गुण

यात रोप जगण्याला गुण नाहीत. इफेक्टला नाहीत. नेटवरचं चित्र घेऊ नका असंही मी म्हणत नाही. घ्या, पण 'हे आमचे नाही' असं लिहा.

तोंडी प्रश्न सोपे असतात. फिल्म मध्येच थांबवायची आणि गटातल्या कोणालाही विचारायचं : "हा कितवा दिवस? इथे काय बदललं? शीटमध्ये कुठे आहे ते दाखव." ज्याने काम केलंय तो क्षणात दाखवतो.

मुलांकडून एकमेकांचं मूल्यमापन गूगल फॉर्मवर घेतलं. पहिल्यांदा गुण मागितले, तर मैत्रीत सगळ्यांना दहापैकी दहा. मग गुण काढून टाकले आणि दोनच प्रश्न ठेवले : "या फिल्ममधून तुला नवीन काय कळलं?" आणि "कोणती गोष्ट तुला पटली नाही, का?" दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं वाचून त्या मागच्या बाकावरच्या मुलीसारखी आणखी मुलं वर्गात आहेत हे कळलं.

पालकांसाठी दोन शब्द

घरी मूल असा प्रकल्प करत असेल तर कृपया संकलन करून देऊ नका. सफाईदार फिल्म शाळेला नको आहे. त्याऐवजी "आज काय नोंदवलंस?" एवढं विचारा. रोप मेलं तर नवं आणून ठेवू नका. आणि चित्रफितीत मुलांचे चेहरे असतील तर ती कुठेही टाकण्याआधी शाळेने तुमची लेखी संमती घ्यायला हवी. आम्ही बहुतेक ठिकाणी फक्त हात आणि रोपं दाखवली. त्याने काही बिघडलं नाही.

यंदा पुन्हा हाच प्रकल्प घेते आहे, मूग आणि वाटाण्यावर. गुणविभागणी पहिल्या दिवशीच भिंतीवर लावली आहे. तिच्याखाली एका मुलाने खडूने लिहिलंय, "ग्लासला भोक पाडले का?" पुसलेलं नाही.