मानसशास्त्राला प्रवेश घेण्याआधी विभागाचा अहवाल मागा

बारावीचा निकाल लागतो, पाठोपाठ नीटचा लागतो, आणि नगर जिल्ह्यातल्या करिअर समुपदेशकांचे फोन वाजायला लागतात. प्रश्न दरवर्षी तेच. ‘नीटला मार्क कमी पडले, आता सायकॉलॉजी घेऊन डॉक्टरच्या तोडीचं काही होता येईल का?’ ‘पुण्याच्या खासगी विद्यापीठात सीट मिळतेय, उद्याच पैसे भरायचेत, भरू का?’ ‘पोरगी हुशार आहे हो, आर्ट्सला टाकली तर लोक काय म्हणतील?’ शेवटचा प्रश्न दबक्या आवाजात येतो, पण बहुतेक घरांत खरा प्रश्न तोच असतो.

करोनानंतर मानसशास्त्राला अचानक वलय आलं. नेवासा, राहाता, पाथर्डी अशा तालुक्यांतली मुलंमुलीही आता ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय’ असं सांगतात. विषयाची भीती गेली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याबरोबर एक घातक समजूत रुजली आहे, की पुण्या-मुंबईच्या चकचकीत संस्थेत लाखो रुपये भरले तरच हा विषय शिकता येतो आणि तीन वर्षांत पोरगी दारावर पाटी लावते. यातलं काहीही खरं नाही.

पाटीचं आधी पाहू. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे आणि तो मे २०१८ पासून लागू झाला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं, हे त्यात लिहिलेलं आहे. नुसत्या बी.ए.वर ती पाटी लावता येत नाही, नुसत्या एम.ए.वरही नाही. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं, रुग्णांसोबत देखरेखीखाली काम करून घेतलेलं प्रशिक्षण लागतं. वर्षानुवर्षं त्यासाठी दोन वर्षांची एम.फिल. होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत एम.फिल. पदवीच बंद केली, मात्र क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. पुढची व्यवस्था नव्या अभ्यासक्रमांची आहे आणि ती अजून बसते आहे. म्हणून ‘आमच्याकडे थेट क्लिनिकलची पदवी मिळते’ असं कोणी सांगितलं, तर परिषदेच्या यादीत त्या संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव त्याच वर्षासाठी आहे का, हे तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नये.

घरबसल्या पदवीचा मार्गही आता बंद झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने मानसशास्त्रासह काही आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. तरीही सहा आठवड्यांत ‘सर्टिफाइड काउन्सेलर’ करून देणाऱ्या जाहिराती मोबाइलवर येतच राहतात. अशा प्रमाणपत्रावर मुलीला कोणाच्या दुःखासमोर बसवणं हे त्या दुखावलेल्या माणसावरही अन्याय आहे आणि मुलीवरही.

ज्यांना औषधं लिहून द्यायची आहेत, त्यांनी एमबीबीएस करून मनोविकारशास्त्रात एम.डी. करावं. त्याला आडवाट नाही. ज्यांना कंपनीत मनुष्यबळ विभागात जायचंय, त्यांनी बी.ए.नंतर एमबीए किंवा औद्योगिक मानसशास्त्र घ्यावं. सुपे आणि नगरच्या एमआयडीसीत त्याची कामं आहेत. प्राध्यापक व्हायचं असेल तर एम.ए. करून नेट किंवा सेट द्यावी आणि भरती किती वर्षं रखडते, हे त्या क्षेत्रातल्या कोणाला तरी आधीच विचारून घ्यावं. स्पर्धा परीक्षावाल्यांना हा विषय सोपा वाटतो. तसा तो नाही, त्यात संख्याशास्त्र आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. पहिली तीन वर्षं जिल्ह्यातच शिकावीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या छत्राखाली पुणे, नाशिक आणि नगर असे तीन जिल्हे येतात. म्हणजे स्वायत्त महाविद्यालयं सोडली, तर पुण्यातल्या संलग्न महाविद्यालयात जो अभ्यासक्रम, तोच नगरच्या संलग्न महाविद्यालयात. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली सुरू केलेलं अहमदनगर कॉलेज काय, न्यू आर्ट्स काय, नगर शहरात मानसशास्त्राचे विभाग आहेत. अनुदानित तुकडीची फी हजारांत असते. खासगी विद्यापीठाचा खर्च वसतिगृह धरून लाखांत जातो. घरात पैसा असेल तर तो एम.ए. आणि त्यापुढच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. खरी स्पर्धा तिथे आहे आणि तिथेच मुलं पैशाअभावी अडतात.

या विभागांची प्रयोगशाळा एकदा आत जाऊन पाहावी. बाहेरून ती साधी खोली दिसते. टेबलावर आरसा उभा केलेला असतो, समोर कागदावर दुहेरी रेषेची चांदणी छापलेली असते आणि मध्ये आडपडदा असतो, म्हणजे हात थेट दिसत नाही, फक्त आरशात दिसतो. प्रयुक्त म्हणून बसलेल्या मुलाने आरशात पाहत पेन्सिल त्या दोन रेषांमधून फिरवायची. शेजारी बसलेली वर्गमैत्रीण स्टॉपवॉच धरते आणि पेन्सिल रेषेबाहेर गेली की चूक मोजते. वर्गात पहिला येणारा मुलगाही इथे कोपऱ्यावर अडकतो, हात भलतीकडेच जातो, कपाळाला घाम येतो. मैत्रिणीने हसायचं नाही, हात धरायचा नाही, ‘असं कर’ असंही सांगायचं नाही. फक्त नोंद करायची. पाच-सहा प्रयत्नांनंतर वेळ उतरते, चुका घटतात, जर्नलमध्ये आलेख काढला जातो. चुकणाऱ्या माणसाशेजारी शांत बसायचं पहिलं शिक्षण हेच. समुपदेशकाच्या खुर्चीतही पुढे हेच करावं लागतं. त्यासाठी वातानुकूलित इमारत लागत नाही. चालू स्थितीतली उपकरणं लागतात आणि शिकवणारा माणूस जागेवर लागतो.

पण जिल्ह्यातले सगळे विभाग सारखे नाहीत, आणि हे उघड बोललं पाहिजे. काही ठिकाणी कायम प्राध्यापक निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही आणि विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या खांद्यावर चालतो. काही ठिकाणी प्रयोगाची उपकरणं कपाटात बंद आणि जर्नल जुन्या विद्यार्थ्याच्या वहीवरून उतरवलेलं. चांगला विभाग आणि नावापुरता विभाग यांत फरक कसा करायचा?

त्यासाठी एक कागद आहे आणि त्याकडे जवळपास एकही पालक पाहत नाही. नॅक या महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या परिषदेचं मूल्यांकन झालेलं महाविद्यालय दरवर्षी गुणवत्तेचा वार्षिक अहवाल तयार करतं. प्राध्यापक मंडळी त्याला एक्यूएआर म्हणतात. तो महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवलेला असतो आणि त्यामागे प्रत्येक विभागाने दिलेली माहिती असते: वर्षाच्या सुरुवातीला काय ठरवलं, वर्षअखेर काय झालं. सात निकषांचा हा अहवाल पूर्ण वाचायची गरज नाही. तीन ठिकाणं पाहिली तरी पुरे.

दुसऱ्या निकषात शिक्षकांची माहिती असते. मानसशास्त्राला पूर्णवेळ किती जण, पीएच.डी. किती जणांची, किती वर्षांपासून तिथे आहेत, हे पाहावं. तिसऱ्या निकषात विस्तारकार्य येतं. इथे सावध राहावं. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन, त्या दिवशी पोस्टर स्पर्धा, रांगोळी स्पर्धा, पाहुण्यांचं भाषण आणि फोटो, एवढ्यावर ज्या विभागाचं वर्ष संपतं, त्याने ‘समाजात जाणीवजागृती करणे’ हे उद्दिष्ट शंभर टक्के गाठलं असं लिहिलं तरी विद्यार्थ्याच्या हाती काही लागलेलं नसतं. उलट ‘तृतीय वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एखाद्या संस्थेत क्षेत्रकार्य करून अहवाल सादर करावा’ असं उद्दिष्ट असेल आणि पुढे किती जणांनी ते पुरं केलं, किती राहिले, का राहिले, हे लिहिलेलं असेल, तर तो विभाग काम करतो. उणीव मान्य करणारा अहवाल हा विश्वासार्ह अहवाल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलंच आहे. ते कुठे करवून घेतात, हा प्रश्न विचारायला संकोच कशाला?

पाचवा निकष सर्वांत महत्त्वाचा: विद्यार्थी सहाय्य आणि प्रगती. कोणत्या पदवीचे किती विद्यार्थी नोकरीला लागले, किती जण एम.ए. किंवा एमएसडब्ल्यूला गेले, नेट-सेट किती जण झाले, हे तिथे नोंदवतात. एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नये, तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवावेत. संकेतस्थळावर सापडले नाहीत, तर विभागप्रमुखांना भेटून नम्रपणे मागावेत. ट्रॅक्टर घेताना चार शोरूम फिरणारा बाप पोरीच्या तीन वर्षांसाठी एक अहवालही मागत नाही, हे चित्र बदललं पाहिजे. आणि ज्या विभागात हा प्रश्न विचारल्यावर सर-मॅडम आनंदाने फाइल काढून बसवतात, तिथे प्रवेश घ्यावा.

भाषेबद्दल एक गोष्ट. मराठीत पेपर लिहिता येतो, आणि ही मोठी सोय आहे. ज्यांच्यासोबत पुढे काम करायचं, ती माणसं मराठीतच बोलणार आहेत. मात्र एम.ए.नंतरचं वाचन आणि प्रशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षा इंग्रजीत असतात. नगरची मुलं बुद्धीने कमी पडत नाहीत, इथे अडतात. पहिल्या वर्षापासून रोज दोन पानं इंग्रजी पाठ्यपुस्तकाची वाचावीत, आणि प्रमाण विचलन, सहसंबंध ही प्रकरणं ऑप्शनला टाकू नयेत.

शिकून या जिल्ह्यात करायचं काय? क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १४ तालुके, २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर लोकसंख्या. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार आढळला, आणि बहुसंख्यांना कोणताही उपचार मिळत नव्हता. नगरजवळ शिंगवे इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे ‘माउली’त रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळतात. १९८९ पासून ‘स्नेहालय’ देहविक्रीत अडकलेल्या स्त्रिया आणि त्यांच्या मुलांसाठी उभं आहे. या विषयाचा विद्यार्थी नगरमध्ये राहून ही दोन ठिकाणं न पाहता पदवीधर होत असेल, तर दोष विभागाचाच म्हणावा लागेल.

यापलीकडे सरकारी चौकटीतली कामं आहेत, ज्यांची नावंही पालकांना माहीत नसतात. रुग्णालयांतली किशोरवयीनांसाठीची ‘मैत्री’ केंद्रं, एचआयव्ही तपासणीआधी आणि नंतर बोलणारे समुपदेशक, हिंसाग्रस्त महिलांसाठीची ‘सखी’ केंद्रं. पॉक्सोच्या खटल्यात पीडित मुलासोबत पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत उभी राहणारी साहाय्यक व्यक्ती कशी असावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. मानसशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर त्यात बसतो. आणि २५ जुलै २०२५ रोजी त्याच न्यायालयाने निर्देश दिले, की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणातून हे निर्देश आले. जिल्ह्यातल्या प्रत्येक ज्युनिअर कॉलेजने आणि निवासी अकादमीने ते पाळले, तर किती जागा तयार होतील, याचा हिशेब कोणीही करावा. अर्थात यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, मानधन तुटपुंजं असतं, आणि सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातात. हे लपवून कोणालाही या वाटेला लावू नये. ज्यांना माणसांत राहून काम करायचंय आणि एमएसडब्ल्यू चालणार आहे, त्यांच्यासाठी नगरमध्येच सीएसआरडी ही जुनी संस्था आहे.

आता पालकांशी थोडं कडक बोलायला हवं. नीटचा दुसरा, तिसरा ड्रॉप मुलगा घेत नाही, बहुतेक वेळा घर घेतं. लातूरला की कोट्याला, एवढाच पर्याय त्याच्यासमोर ठेवलेला असतो. आणि तिथे जमलं नाही की ‘मग सायकॉलॉजी तरी घे’. यातला ‘तरी’ पोराच्या मनात रुतून बसतो. हरल्याची शिक्षा म्हणून दिलेला विषय कोणी मन लावून शिकत नाही. समुपदेशकासमोर आई-वडील बोलतात आणि मूल जमिनीकडे बघत बसतं. त्याला प्रश्न विचारला तर उत्तर वडील देतात. अशा वेळी समुपदेशकाने पालकांना बाहेर बसायला सांगितलं, तर राग मानू नये. शेजारच्याचा मुलगा एमबीबीएसला लागला, हे मुलाला माहीत आहे; ते रोज जेवताना ऐकवू नये. आणि मानसशास्त्र घेतलेल्या मुलीला ‘वेड्यांचा अभ्यास’ म्हणून पाहुण्यांसमोर हसू नये. तिला जे पुढे करायचंय, त्याची गरज कदाचित त्याच पाहुण्यांच्या घरात आहे.

प्रवेशाची तारीख येईल, जाईल. तोवर विभागाला भेट द्या, तीन वर्षांचे अहवाल वाचा, तिथून बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांशी बोला, आणि निर्णय मुलाला घेऊ द्या. निकालानंतर घरातलं मूल जेवत नसेल, झोपत नसेल, बोलायचं थांबलं असेल किंवा ‘माझ्या असण्याचा काय उपयोग’ असं म्हणत असेल, तर करिअरची चर्चा ताबडतोब थांबवा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.