अमेरिकन पिकअप मालमोटारी : शक्ति आणि इंधनखर्च यांचा तुलनात्मक अभ्यास

शेतमाल पिकविण्यास जितकें शहाणपण लागतें, तितकेंच तो बाजारांत नेण्यासही लागतें. पीक चांगलें येऊनही वाहतुकीच्या खर्चांत नफा विरून जातो, हा अनुभव बागाईतदारांस नवा नाहीं. तरीही मालमोटार घेतांना बहुतेक जण दोनच प्रश्न विचारतात : गाडी किती अश्वशक्तीची, आणि लिटरला किती किलोमीटर देते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांचीं उत्तरें जाहिरातींत ज्या रूपानें मिळतात, तेवढ्यावरच निर्णय केल्यास फसगत होण्याचा संभव फार. हे आंकडे कसे वाचावे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

उदाहरणासाठीं आम्हीं अमेरिकेंतील पूर्ण आकाराच्या पिकअप गाड्या निवडल्या आहेत. या गाड्या आपल्या वाचकांनीं विकत घ्याव्या असा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु तेथें एकाच सांगाड्याच्या गाडींत चार-पांच वेगवेगळीं इंजिनें बसवून विकतात. एकाच जमिनींत, सारख्याच खतपाण्यावर निरनिराळीं बियाणीं पेरून पाहावीं, तसा हा आयता प्रयोग आहे. फरक बहुतांशीं इंजिनाचाच असल्यामुळें तुलना स्पष्ट होते.

१. पूर्ववृत्त

मोटारीच्या मागील भागांत स्वतः हौदा ठोकून ती शेतीच्या कामीं लावण्याची रीत अमेरिकन शेतकऱ्यांत आधींपासूनच होती. १९२५ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या 'मॉडेल टी' गाडीस कारखान्यांतच हौदा बसवून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. तिची शक्ति अवघी २० अश्वशक्ति होती. १९४८ च्या 'एफ' मालिकेंतील लहान गाडीस ९५ ते १०० अश्वशक्तीचें इंजिन होतें. आज त्याच मालिकेंतील गाडी ४०० अश्वशक्तीची मिळते. 'अर्धा टन', 'पाऊण टन', 'एक टन' हीं जुनीं नांवें अद्याप चालू आहेत. परंतु तीं आतां केवळ वर्गाचीं नांवें उरलीं असून प्रत्यक्ष भाराशीं त्यांचा मेळ राहिलेला नाहीं.

२. अश्वशक्ति आणि टॉर्क

इंजिनाचा दांडा फिरविण्याचा जो जोर, त्यास टॉर्क म्हणतात; तो न्यूटन-मीटर या मापानें मोजतात. हा जोर किती वेगानें काम करतो, तें अश्वशक्ति सांगते. दोहोंचा संबंध सोपा आहे : टॉर्कास मिनिटाच्या फेऱ्यांनीं गुणून ७१२१ नें भागिलें असतां अश्वशक्ति येते. बैलजोडीचा दृष्टांत घेतल्यास, रुतलेली गाडी हलविण्यास लागतो तो जोर, आणि भरली गाडी दिवसांत किती कोस नेली ती शक्ति.

जाहिरातींत छापलेली अश्वशक्ति ही इंजिन अत्यंत वेगानें फिरत असतांनाची असते. भार ओढतांना कोणीही इंजिन सतत तितकें पळवीत नाहीं. म्हणून कमाल अश्वशक्तीइतकाच, कमाल टॉर्क किती फेऱ्यांवर मिळतो, हा आंकडाही महत्त्वाचा आहे.

३. एकाच गाडीचीं पांच इंजिनें

फोर्ड एफ-१५० या गाडीचे २०२१ च्या मॉडेलाचे, दोन चाकांस गति देणाऱ्या प्रकाराचे आंकडे खालीं दिले आहेत. इंधनाचा आंकडा तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेचा, शहर व महामार्ग मिळून असून आम्हीं तो मैल-गॅलनांवरून लिटर-किलोमीटरांत आणला आहे.

(अ) ३.३ लिटर, साधें पेट्रोल, सहा नळकांडीं : २९० अश्वशक्ति, ३५९ न्यूटन-मीटर, लिटरला ८.९ कि.मी.
(आ) २.७ लिटर, टर्बो पेट्रोल, सहा नळकांडीं : ३२५ अश्वशक्ति, ५४२ न्यूटन-मीटर, ९.४ कि.मी.
(इ) ५.० लिटर, साधें पेट्रोल, आठ नळकांडीं : ४०० अश्वशक्ति; ५५६ न्यूटन-मीटर; ८.५ कि.मी.
(ई) ३.५ लिटर, टर्बो पेट्रोल, सहा नळकांडीं : ४०० अश्वशक्ति; ६७८ न्यूटन-मीटर; ८.५ कि.मी.
(उ) ३.५ लिटर टर्बो व सोबत विजेची मोटर : ४३० अश्वशक्ति, ७७३ न्यूटन-मीटर, १०.६ कि.मी.

आतां (इ) आणि (ई) शेजारीं ठेवून पाहा. दोहोंची अश्वशक्ति सारखी आणि इंधनही सारखेंच. जाहिरात वाचणारा म्हणेल, दोन्ही इंजिनें एकच. परंतु (ई) चा कमाल टॉर्क मिनिटास ३,१०० फेऱ्यांवर मिळतो, तर (इ) चा ४,२५० फेऱ्यांवर. ३,१०० फेऱ्यांवर (ई) सुमारें २९५ अश्वशक्ति देतें. तितक्याच फेऱ्यांवर (इ) नें आपला सर्व टॉर्क दिला असें धरलें, तरी २४२ च्या वर जातां येत नाहीं. चढावर भरलेला ट्रेलर ओढतांना हा फरक चालकास तात्काळ जाणवतो. मोठें इंजिन खालच्या गिअरांत घालून ओरडवावें लागतें.

दुसरी लक्षांत घेण्याजोगी गोष्ट (अ) आणि (आ) यांची. सर्वांत कमी शक्तीचें इंजिन सर्वांत काटकसरी असतें, असा समज आहे. येथें मात्र आकारानें लहान पण टर्बोचें इंजिन शक्तींतही पुढें आणि काटकसरींतही पुढें आहे. याचें कारण असें कीं, रिकामी गाडी सपाट रस्त्यावर ताशीं ९० कि.मी. वेगानें चालविण्यास आमच्या हिशोबानें पंचवीस-तीस अश्वशक्ति पुरतात. मोठें पेट्रोल इंजिन अशा वेळीं हवेचें दार अर्धवट मिटून चालतें, आणि त्या गुदमरण्यांत इंधन वायां जातें. लहान इंजिनांत हें नुकसान कमी. जोर हवा तेव्हां टर्बो जास्त हवा कोंबतो. मात्र सतत जड भार ओढावयास लावल्यास तेंच टर्बो इंजिन भरपूर पेट्रोल पितें, कारण अति उष्णतेपासून बचावासाठीं त्यास मिश्रणांत जादा पेट्रोल घ्यावें लागतें. म्हणजे लहान टर्बोची काटकसर ही हलक्या कामाची काटकसर आहे.

४. डिझेलचें स्थान

शेव्हरोले सिल्व्हराडो गाडीच्या २०२० च्या मॉडेलांत ३.० लिटरचें डिझेल इंजिन २७७ अश्वशक्ति व ६२४ न्यूटन-मीटर टॉर्क देऊन लिटरला सुमारें ११.५ कि.मी. जात असे. त्याच गाडीचें ५.३ लिटर पेट्रोल इंजिन ३५५ अश्वशक्तीचें, ५१९ न्यूटन-मीटरचें, आणि लिटरला सुमारें ८ कि.मी. देणारें होतें. अश्वशक्ति कमी, टॉर्क जास्त, इंधन कमी, असा डिझेलचा स्वभावच आहे. त्यास हवेचें दार मिटावें लागत नाहीं, त्यांत हवा अधिक दाबली जाते, आणि डिझेलच्या एका लिटरांत पेट्रोलपेक्षां दहा-बारा टक्के उष्णताही अधिक असते.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. डिझेल इंजिन महाग, आणि धूर स्वच्छ करण्याची यंत्रणा नाजूक. ३२.५ टक्के युरियाचें शुद्ध द्रावण वेगळ्या टाकींत भरावें लागतें. भारतांतही २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर अनेक डिझेल गाड्यांत ही योजना आली आहे. शेतांत टाकण्याचा युरिया पाण्यांत विरघळवून त्या टाकींत ओतण्याचा मोह कोणीही करूं नये. त्यांतील इतर द्रव्यांनीं यंत्रणा निकामी होते.

५. सरकारी आंकडा आणि रस्ता

अमेरिकेंतील इंधनाचा सरकारी आंकडा गाडी रुळांवर फिरवून, ठराविक वेगक्रमानें मोजतात. २००८ च्या मॉडेलांपासून वेगवान चालविणें, थंडी आणि वातानुकूलन यांचाही त्यांत समावेश झाला. परंतु हौदा जवळजवळ रिकामा असतो आणि ट्रेलर तर नसतोच. उंच ट्रेलर जोडून महामार्गावर चालल्यास अनेकदां हा आंकडा निम्म्यावर येतो. शिवाय गाडी व भार मिळून ८,५०० पौंड, म्हणजे सुमारें ३,८५६ किलो, याहून अधिक वजनाची मर्यादा ज्यांची आहे, अशा जड पिकअप गाड्यांवर हें इंधनपत्रक लावण्याचें बंधन नाहीं. म्हणजे जो शेतकरी सर्वांत जड गाडी घेतो, त्यालाच आंकडा मिळत नाहीं!

इथेनॉलचाही विचार हवा. अमेरिकेंत पेट्रोलांत सामान्यतः दहा टक्के इथेनॉल असतें, बहुतेक मक्याचें. भारतांत हें प्रमाण २०२५ सालीं वीस टक्क्यांवर आलें. इथेनॉलच्या लिटरांत पेट्रोलपेक्षां सुमारें एक-तृतीयांश उष्णता कमी असते. म्हणून वीस टक्के मिश्रणांत शुद्ध पेट्रोलपेक्षां सहा-सात टक्के उष्णता कमी भरते. ऊस पिकविणाऱ्यानें या मिश्रणाचें स्वागत अवश्य करावें. पण गाडीचा हिशोब करतांना ही घट धरावी.

६. 'लिटरला किलोमीटर' या मापांतील चकवा

लिटरला ६ वरून ८ कि.मी. होणें आणि १० वरून १२ होणें, हीं दोन्ही सारखीच सुधारणा दिसते. परंतु १,००० कि.मी. प्रवासास पहिल्या बाबतींत १६७ लिटरांऐवजीं १२५ लागतात, म्हणजे ४२ लिटर वांचतात. दुसऱ्या बाबतींत १०० ऐवजीं ८३, म्हणजे अवघे १७. जड आणि खादाड गाडींतील थोडी सुधारणाही मोठी बचत करते. अमेरिकेंत २०१३ च्या मॉडेलांपासून गाडीवरील पत्रकांत 'शंभर मैलांस किती गॅलन' हा आंकडाही छापतात, तो याचसाठीं. आपणही 'शंभर किलोमीटरांस किती लिटर' असें मोजण्याची संवय लावावी.

७. शक्ति किती पुरे?

गाडी व भरलेला ट्रेलर मिळून ५ टन वजन, आणि वीसांत एक असा चढ, असें धरूं. ताशीं ६० कि.मी. वेगानें तो चढण्यास चढासाठीं सुमारें ५५, चाकांच्या विरोधासाठीं १३ आणि हवेसाठीं ७-८, मिळून सुमारें ७५ अश्वशक्ति चाकांवर लागतात. तोच चढ ताशीं १०० कि.मी. वेगानें चढावयाचा म्हटला, तर सुमारें १५० लागतात. माल तोच, चढ तोच. वाढलेली शक्ति केवळ घाईची किंमत आहे. अमेरिकेंत अंतरें लांब, महामार्ग वेगाचे, म्हणून तेथील शेतकरी ही किंमत देतो. ओढण्याच्या क्षमतेची तेथील सर्वमान्य चाचणीही ॲरिझोना राज्यांतील डेव्हिस डॅम येथील लांब चढावर, कडक उन्हांत, ठराविक किमान वेग राखण्यावर आधारलेली आहे.

आपल्याकडील महिंद्र बोलेरो पिकअप पाहा. तिच्या २.५ लिटर डिझेल इंजिनाची शक्ति सुमारें ७५ अश्वशक्ति, आणि प्रकारानुसार भार १.३ ते १.७ टन. ४०० अश्वशक्तीची अमेरिकन 'अर्धा टन' गाडी हौद्यांत बहुधा टनाच्या आंतच माल घेते. तिचें खरें बळ ट्रेलर ओढण्यांत आहे. कमी वेगांत काम भागत असेल, तर लहान इंजिन भार नेण्यास असमर्थ नसतें.

८. खरें माप : मालामागें इंधन

शेतकऱ्याचें उत्पन्न किलोमीटरांवर नसून पोंचलेल्या मालावर आहे. समजा, ३ टन कांदा १०० कि.मी. दूर न्यावयाचा आहे. रिकामी-भरली सरासरी लिटरला ९ कि.मी. देणारी गाडी हौद्यांत ०.८ टन घेते. चार खेपांस ८०० कि.मी. आणि ८९ लिटर. तीच गाडी ३ टन मालाचा ट्रेलर ओढून जातांना ४.५ आणि रिकामा ट्रेलर आणतांना ६ कि.मी. देते असें धरलें, तर एका खेपेस ३९ लिटर. लिटरमागील किलोमीटर निम्म्यावर आले, तरी इंधन निम्म्याहून कमी लागलें! म्हणून कमी किलोमीटर देणारी गाडी नेहमींच उधळी नसते, आणि जास्त देणारी नेहमींच काटकसरी नसते.

जादा किंमत देऊन काटकसरी इंजिन घ्यावें कीं नाहीं, हाही हिशोबाचाच प्रश्न. लिटरला ८.१ ऐवजीं ११.५ कि.मी. मिळाल्यास वर्षांत २०,००० कि.मी. चालणाऱ्याचे ७३० लिटर वांचतात, ५,००० कि.मी. चालणाऱ्याचे अवघे १८२. पहिल्याची जादा किंमत कांहीं वर्षांत फिटेल; दुसऱ्याची गाडी जुनी होईपर्यंत फिटणार नाहीं.

सारांश

गाडी घेण्यापूर्वीं वाचकांनीं पुढील पांच गोष्टी कागदावर मांडाव्या :

१. वर्षाचे एकूण किलोमीटर किती, आणि त्यांपैकीं भरल्या गाडीचे किती.
२. एका खेपेस नेहमीं किती क्विंटल माल असतो. वर्षांतून दोनदां लागणारा भार नव्हे, नेहमींचा.
३. मार्गांत घाट आहे काय. असल्यास कमाल टॉर्क किती फेऱ्यांवर मिळतो.
४. शंभर किलोमीटरांस भरल्या व रिकाम्या गाडीस लागणारे लिटर. हा आंकडा विक्रेत्याकडून न घेतां तशीच गाडी वापरणाऱ्या शेतकऱ्याकडून घ्यावा.
५. जादा किंमत भागिले वर्षाची इंधनबचत, म्हणजे किती वर्षांत ती किंमत फिटेल.

पांचही उत्तरें हातीं आल्यावर अश्वशक्तीचा मोठा आंकडा मनास भुलवूं शकत नाहीं. बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत, खूर आणि चाल पाहतों. नुसतीं शिंगें पाहून कोणी सौदा करीत नाहीं. मालमोटारीचाही सौदा त्याच सावधपणानें करावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.