मनाली ते लेह: मुक्कामाच्या उंचीविषयी

चि. भाच्यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

मनाली ते लेह हा रस्ता पूर्वी सुमारे पावणेपाचशे किलोमीटरचा होता. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि त्यात चाळीसेक किलोमीटरची बचत झाली. रोज सत्तर किलोमीटर सायकल मारणाऱ्याला हे अंतर सहा दिवसांचे वाटते. ताईने फोनवर वाचून दाखवलेला बेतही नेमका सहाच दिवसांचा आहे. तो किलोमीटरांवर आखलेला आहे, आणि इथेच तो फसतो. या रस्त्याचा बेत रात्री किती उंचीवर झोपायचे त्यावरून आखायचा असतो. जिस्पाहून सकाळी निघून, बारालाचा ओलांडून, रात्री सरचूला मुक्काम ही त्या कागदावरची ओळ ऐकल्यापासून मावशीला झोप नाही.

रस्त्याची चढण अशी आहे. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटरवर. बोगदा तीन हजार मीटरच्या थोडा वर असल्याने ३,९७८ मीटरचा रोहतांग चुकतो. मात्र सायकलला बोगद्यातून कधी आणि कसे सोडतात याची चौकशी मनालीत आदल्या दिवशीच करावी. पलीकडे लाहौल. सिस्सू, केलाँग, जिस्पा ही गावे ३,१०० ते ३,२०० मीटरच्या आसपास आहेत. वाटेत तांदीला चंद्रा आणि भागा एकत्र येतात, तिथून रस्ता भागेच्या काठाने वर जातो. दारचा ३,३६० मीटरवर. त्यापुढे पात्सेओ, झिंगझिंगबार, आणि मग सुमारे ४,८९० मीटरचा बारालाचा ला (ला म्हणजे खिंड). खाली उतरून सरचू, तेही ४,२९० मीटरवर. मग गाटा लूप्सची एकवीस वळणे, नकी ला, आणि ५,०६५ मीटरचा लाचुलुंग ला. त्याच्या पायथ्याला पांग, साधारण ४,६०० मीटरवर. पुढे मोरे मैदानाची चाळीसेक किलोमीटरची सपाटी येते. ती सपाट असली तरी बारालाचाहून फारशी खाली नाही, हे लक्षात ठेवावे. शेवटी सुमारे ५,३०० मीटरचा तांगलांग ला, मग रुमत्से, उपशीला सिंधू, आणि साडेतीन हजार मीटरवरचे लेह.

उंचीवर हवेतला प्राणवायू कमी होतो असे सर्रास म्हणतात. खरे तर त्याचे प्रमाण तेच एकवीस टक्के राहते, कमी होतो तो हवेचा दाब. तांगलांग लावर तो समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासातून रक्तात जाणारा प्राणवायू घटतो. शरीर याला तोंड देते. श्वास खोल होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातला क्षार बाहेर टाकून श्वसनाला आणखी वाव देतात. हे काम एका रात्रीत होत नाही, त्याला दिवस लागतात, आणि तंदुरुस्तीने ते लवकर उरकत नाही. उलट ज्याचे पाय दणकट तोच जास्त सापडतो, कारण शरीर तयार होण्याआधी पाय त्याला वर नेऊन ठेवतात. भाच्याने पसरणी घाट न थांबता चढल्याचे घरात सर्वांना ठाऊक आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे मनालीच्याही खाली. सह्याद्रीत पाय आणि दम तयार होतो. विरळ हवेची सवय इथे कुठेच होत नाही.

सवय होण्याआधी वर गेलेल्या माणसाला उंची लागते. डोके दुखते, मळमळते, अन्नावरची वासना उडते, चक्कर येते, झोप लागत नाही. ही लक्षणे बहुधा वर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत दिसतात, म्हणजे संध्याकाळी किंवा रात्री, तंबूत सगळे दमून पडलेले असताना. इथवर धोका मोठा नसतो. त्याच उंचीवर थांबावे, दुखणे पूर्ण गेल्याशिवाय वर जाऊ नये, वाढले तर खाली उतरावे. स्वस्थ बसूनही धाप लागू लागली, खोकला थांबेना, थुंकी फेसाळ गुलाबी झाली, तर फुप्फुसांत पाणी साठते आहे. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता येईना, बोलणे असंबद्ध झाले, गुंगी आली, तर मेंदूला सूज येते आहे. या दोन्हींत हाताशी काही तासच असतात, आणि खाली उतरवणे हाच मुख्य उपाय.

मावशीच्या काळजीचे मूळ इथे आहे. या घराला दुखणे अंगावर काढण्याची जुनी खोड आहे. नानांनी छातीतली कळ पित्त म्हणून दोन दिवस अंगावर काढली. भाच्याने दहावीचा गणिताचा पेपर अंगात ताप असताना दिला आणि घरी आल्यावर सांगितले. तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. ती थोपटायला नको होती. चार हजार मीटरवर डोकेदुखी लपवणारा मुलगा सोबत्यांना ओझे होऊ नये म्हणून गप्प बसतो आणि मध्यरात्री त्यांच्यावर फार मोठे ओझे टाकतो.

त्यातही सरचू आणि पांग हा पट्टा वेगळाच आहे. इतर डोंगरांत आजारी माणसाला खाली न्यायचे म्हणजे उतारावर सोडायचे. सरचूला मागे बारालाचा आहे आणि पुढे नकी ला, लाचुलुंग ला. पांगला मागे लाचुलुंग आहे, पुढे मोरे मैदान आणि तांगलांग. म्हणजे खाली जाण्यासाठी आधी वर चढावे लागते, आणि रात्री वाहनेही तुरळक. पांगला लष्कराचा तळ आहे, तिथे जवान अडल्यानडल्या प्रवाशाला मदत करतात. पण त्या भरवशावर बेत आखणे बरे नव्हे. दारचाच्या पुढे जाण्याआधीच शरीर तयार असायला हवे.

तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी थांबावे, असा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम आहे. जिस्पाहून थेट सरचू म्हणजे एका उडीत हजार मीटरहून अधिक. नियम पाळून बेत असा होतो. मनालीत दोन रात्री. मग सिस्सू किंवा केलाँग. जिस्पाला दोन रात्री, त्यातल्या मधल्या दिवशी सायकल सामानाशिवाय वर नेऊन संध्याकाळी परत खाली. नंतर एक रात्र दारचाला, मग सुमारे ३,८०० मीटरवरचे पात्सेओ. तिथून झिंगझिंगबार, अंतर थोडे असले तरी तिथेच मुक्काम. मग बारालाचा ओलांडून सरचू, जिथली उंची आता झिंगझिंगबारइतकीच, म्हणून ती रात्र सुखाची जाते. सरचूनंतर लाचुलुंगपलीकडचे पांग गाठावे, ते एका दिवसात झेपले नाही तर मध्ये एक रात्र काढावी. पुढे मोरे मैदान, तांगलांग, रुमत्से, लेह. शिवाय दोन दिवस कोरे ठेवावेत. रजा कमी आहे हे ताईने सांगितले. रजा कमी असेल तर जिस्पापर्यंतच जाऊन यावे. लाहौल स्वतःच पाहण्यासारखा आहे.

अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी शरीराला सवय व्हायला मदत करते. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ती चालेलच असे नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, तीही पुण्यात असताना. गोळी घेतली म्हणून मुक्कामाची उंची वाढवता येत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू या दोन्हींनी रात्रीचा श्वास मंदावतो, त्या रस्त्यावर त्यांना थारा नको.

सायकलबद्दल मावशीने सांगावे असे थोडेच. सर्वांत हलका गिअर खरोखर हलका हवा, कारण सामानासकट चढायचे आहे. टायर रुंद हवेत. जास्तीचे ट्यूब, स्पोक, चेनची जोडकडी, ब्रेक पॅड, गिअरची तार आणि पंक्चरचे सामान जवळ असावे, आणि ते बसवण्याचा सराव घरच्या अंगणात व्हावा. सामान पाठीवर न घेता कॅरिअरच्या पिशव्यांत ठेवावे. पाणी तहान लागण्याआधी प्यावे. भूक मरते, तरी खात राहावे. ढाब्यांवर डाळभात आणि मॅगी मिळते. सातूचे पीठ आणि गूळ-शेंगदाणे बरोबर असले की शिजवण्याची गरज नाही. चार-साडेचार हजार मीटरवर पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळते, डाळ-तांदूळ शिजता शिजत नाहीत.

हा रस्ता साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत बरा. खिंडींत उन्हाळ्यातही बर्फ पडू शकते. दुपारी बर्फ वितळून नाले फुगतात, म्हणून नाले सकाळी ओलांडावेत. दुपारनंतर खिंडींत वाराही समोरून झोडपतो. दारचानंतर बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते, आणि बाहेरचे प्रीपेड सिम लडाखमध्ये चालेलच असे नाही, पोस्टपेड बरे. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे भारतात गुन्हा आहे, कुणी मित्राने परदेशातून आणलेला दिला तरी घेऊ नये.

जाऊच नये, असा या पत्राचा अर्थ काढू नये. हे पत्र लिहिणारी विशीत असताना पुण्याहून कन्याकुमारीला सायकलने जाणाऱ्या गटात तिचे नाव होते. नानांनी नको म्हटले. तिने दुसऱ्यांदा विचारले नाही. सायकल काही वर्षे पडवीत उभी होती, मग मोडीत गेली. नानांच्या नकाराचे दुःख कधीच ओसरले. दुसऱ्यांदा न विचारल्याची खंत अजून आहे. आयर्लंडच्या डर्व्हला मर्फीला दहाव्या वाढदिवसाच्या सुमारास सायकल आणि नकाशांचे पुस्तक मिळाले आणि भारतापर्यंत सायकलने जायचे तिने तेव्हाच ठरवले. आजारी आईची शुश्रूषा करण्यात वर्षे गेली. निघायला जानेवारी १९६३ उजाडला, ती तेव्हा एकतीस वर्षांची होती, आणि त्याच वर्षी ती दिल्लीला पोहोचली. पुढे ढकललेला प्रवास होतो. तिचे पुस्तक मावशीच्या कपाटात आहे, भाच्याने न्यावे.

अर्ध्यातून परतण्यातही कमीपणा नाही. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. १९२८ साली अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघेच ती पूर्ण करून आले. उरलेल्या तिघांना म्हणून कुणी भित्रे म्हणत नाही, ते निघाले होते हेच मोठे. म्हणून निघण्याआधी सोबत्यांशी एक ठराव करावा: रोज संध्याकाळी प्रत्येकाने दुसऱ्याला विचारायचे, डोके दुखते का, जेवण गेले का, आणि खरे उत्तर द्यायचे. ज्याला बरे नाही त्याच्याबरोबर एकाने उतरायचे, वाद घालायचा नाही.

ताईचे मन वळवण्याचे काम मावशीकडे लागले. ताईकडे एक पार्सल पाठवले आहे. त्यात लोकरीची कानटोपी, हातमोजे, शेंगदाण्याची चिक्की आणि दोन पाकिटे आहेत. मोठ्या पाकिटात वाढलेल्या दिवसांच्या मुक्कामाचे आणि जेवणाचे पैसे आहेत. लहान पाकिटात सरचू किंवा पांगहून ट्रकने, जीपने, मिळेल त्या गाडीने खाली येण्याचे भाडे आहे. ते सायकलच्या दुरुस्तीत घालू नये. केलाँगहून फोन करावा, रात्री कितीही वाजले तरी चालेल. लहान पाकीट फोडावे लागले, तर घरी कोणी कारण विचारणार नाही.

कळावे,
मावशी