समुद्रसिंहांच्या भेटीस कोठे जावे?

(बी. ए. द्वितीय वर्ष, भूगोल)

भंडारा हा तलावांचा जिल्हा. पाणी आपणांस नवे नाही. पण समुद्र मात्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणी बसून समुद्रसिंहांबरोबर पाण्याखाली बुडी मारण्यास कोठे जावे याचा विचार करणे पुष्कळांना हास्यास्पद वाटेल. तथापि हा प्रश्न केवळ हौशी प्रवाशांचा नाही. एखाद्या प्राण्याच्या घरी पाहुणे म्हणून जावयाचे तर घर कोणते निवडावे, वेळ कोणती साधावी आणि तेथे कसे वागावे, हा भूगोलाचा आणि काही अंशी नीतीचाही प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्या वैनगंगेच्या काठीही उपयोगी पडेल, असे मला वाटते.

समुद्रसिंह आणि त्याचा भूगोल

समुद्रसिंह हा मासा नव्हे. तो फुप्फुसाने श्वास घेणारा आणि पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. सील त्याचा चुलतभाऊ. दोघांतील फरक सोपा आहे. समुद्रसिंहाला बाहेरून दिसणारे लहान कान असतात आणि मागील वल्ह्यांसारखे पाय पुढे वळवून तो खडकावर चालू शकतो. खऱ्या सीलला हे जमत नाही. स्पॅनिश भाषेत त्याला ‘समुद्री लांडगा’ म्हणतात. नावे दोन्ही हिंस्र श्वापदांची असली तरी त्याची पिले पाण्यात कुत्र्याच्या पिलांसारखी खेळकर असतात. आज जगात याच्या सहा जाती आहेत. सातवी, जपानी समुद्रसिंहाची जात, विसाव्या शतकात माणसाच्या शिकारीमुळे नामशेष झाली.

आपल्या किनाऱ्यावर हा प्राणी का नाही? त्याला भरपूर मासळी लागते आणि अशी मासळी प्रामुख्याने थंड प्रवाहांच्या आश्रयाने वाढते. खोल समुद्रातील थंड पाणी क्षार घेऊन वर आले की सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर मासे आणि माशांवर समुद्रसिंह. गालापागोस बेटे विषुववृत्तावर असूनही तेथे समुद्रसिंह आहेत, याचे कारण हंबोल्ट व क्रॉमवेल हे थंड प्रवाह होत. १९८२-८३ आणि १९९७-९८ साली ‘एल निन्यो’मुळे तेथील पाणी तापले, मासळी आटली आणि समुद्रसिंहांची उपासमार झाली. नकाशातील निळ्या बाणांवर एका प्राण्याचे जगणे कसे अवलंबून असते, हे यावरून दिसते.

निवडीच्या कसोट्या

१९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो व एमिल गान्यां यांनी पाठीवरील हवेच्या टाकीतून मागणीप्रमाणे श्वास पुरविणारे साधन तयार केले. स्कूबा डायव्हिंग सामान्य माणसाच्या आवाक्यात येण्याची सुरुवात तेथून झाली. स्थळ निवडताना मी चार कसोट्या धरतो.

पहिली कसोटी महिन्याची. विणीच्या हंगामात नर आपल्या हद्दीसाठी भांडतो. त्या काळात तो पाण्यात भुंकतो, बुडबुडे सोडतो आणि वेळप्रसंगी चावतो. म्हणून आधी महिना ठरवावा, मग गाव.

दुसरी कसोटी आपल्या तयारीची. दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. वर येताना श्वास कोंडून धरणे जिवावर बेतू शकते. प्राथमिक परवानाधारकाची मर्यादा १८ मीटर असते. समुद्रसिंहांचे खेळ बहुधा उथळ पाण्यात चालतात, त्यामुळे नवशिक्याने खोली व जोरदार प्रवाह यांच्या मोहात पडू नये.

तिसरी कसोटी नियमांची. जेथे काही काळ बंदी असते, नावांवर मर्यादा असते आणि खाऊ घालण्यास मनाई असते, ते स्थळ चांगले समजावे. ज्या नावेवर ‘हात लावू देऊ’ असे सांगतात, तिच्यात पाऊल ठेवू नये.

चौथी कसोटी त्या वर्षाच्या वर्तमानाची. २०२३ साली दक्षिण अमेरिकेत बर्ड फ्लूने हजारो समुद्रसिंह मेले. कॅलिफोर्निया राज्याच्या किनाऱ्यावर २०२३ व २०२५ साली विषारी शेवाळामुळे अनेक समुद्रसिंह आजारी पडून चवताळले. जुने माहितीपत्रक वाचून निघणे म्हणूनच धोक्याचे.

चार स्थळे

मेक्सिकोतील ला पास शहराजवळ एस्पिरितू सांतो बेटाच्या उत्तर टोकाला लोस इस्लोतेस नावाचे खडक आहेत. तेथे कॅलिफोर्निया जातीच्या समुद्रसिंहांची वसाहत आहे. जून ते ऑगस्ट हा विणीचा काळ, म्हणून त्या तीन महिन्यांत तेथे त्यांच्याबरोबर पोहण्यास बंदी असते. सप्टेंबरपासून पुढे पाणी उबदार असते आणि काही महिन्यांची झालेली पिले कुतूहलाने स्वतः जवळ येतात.

गालापागोस बेटे इक्वेडोर देशाची. १९५९ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७८ साली ती जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत आली. उद्यानात अधिकृत वाटाड्याशिवाय फिरता येत नाही आणि प्राण्यापासून दोन मीटर अंतर राखावे लागते. परंतु कित्येक ठिकाणी प्रवाह जोरदार असल्याने ही जागा अनुभवी बुडीवाल्यांची आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट लिंकनजवळ हॉपकिन्स बेट आहे. तेथील पाणी उथळ असले तरी थंड असते. ऑस्ट्रेलियन समुद्रसिंहाचे विणीचे चक्र वर्षाचे नसून सुमारे सतरा-अठरा महिन्यांचे असते, आणि वेगवेगळ्या वसाहतींत ते एकाच वेळी येत नाही. त्यामुळे येथे पंचांग चालत नाही, स्थानिक जाणकारालाच विचारावे लागते. ही जात संकटग्रस्त आहे, हेही ध्यानात ठेवावे.

अर्जेंटिनातील पुएर्तो माद्रिनजवळ पुंता लोमा येथे दक्षिण अमेरिकन समुद्रसिंह भेटतात. पण पाणी फार थंड आणि वर सांगितलेल्या साथीचा फटकाही त्या देशाला बसलेला.

या चारांत नवशिक्यासाठी मी लोस इस्लोतेस निवडीन, तेही सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये. पाणी सौम्य हे एक कारण आहेच. पण मुख्य कारण असे की तेथे वर्षातील तीन महिने घरधन्याच्या नावे राखून ठेवलेले आहेत. उरलेल्या महिन्यांत जो प्राणी जवळ येतो, तो आपल्या मर्जीने येतो.

आपल्याकडील शाळा

मेक्सिकोचा खर्च आपल्यापैकी फार थोड्यांना परवडेल. परंतु बुडी शिकण्यास इतके दूर जावयास नको. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. जवळच सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहेत आणि १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. मात्र मच्छीमारांचा त्यास मोठा विरोध झाला, कारण पोटाचा प्रश्न होता. प्राण्याचे घर राखताना शेजारच्या माणसाचे घर विसरले की काय होते, हे मालवणने शिकविले. त्याच किनाऱ्यावरचा कोळी जून-जुलैत यांत्रिक नावा ओढून ठेवतो. माशांच्या विणीचा काळ टाळावयाचा, हा लोस इस्लोतेसचाच नियम आहे. आपल्याकडे तो नारळी पौर्णिमेच्या रूपाने पूर्वीपासून माहीत आहे.

वैनगंगेच्या काठी

आता आपल्या दारात येऊ. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयावर शासनाने जलपर्यटनाचा प्रकल्प हाती घेतला आहे. नावा येतील, पाहुणे येतील, मुलांना कामही मिळेल. याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र त्याच पाण्यावर ढिवर बांधवांची जाळी आहेत. त्याच पाण्याखाली कित्येकांची शेते व घरे गेली आहेत. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी आपल्या तलावांवर उतरतात. नाव कोठून व कोणत्या महिन्यात न्यावी, हे ठरविताना वरील चार कसोट्या येथेही लावता येतील. विणीचे दिवस कोणते, पाण्याची खोली किती, नियम कोण पाळणार आणि या वर्षी पाण्याची स्थिती काय, हे प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे कागदावर असतील त्यापेक्षा ढिवरवाड्यात अधिक सापडतील. ढिवराचा मुलगा या प्रकल्पात वल्हे मारणाराच राहणार की वाटाड्या होणार, यावरून त्या प्रकल्पाची किंमत ठरेल.

समुद्रसिंह आपल्यापैकी कितींना भेटेल, हे सांगता येत नाही. परंतु पाण्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने जावयाच्या जागी आधीपासून कोण राहते याची चौकशी करावी. तेथील रहिवाशाला, मग तो प्राणी असो की माणूस, ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार जेथे असेल, तीच जागा निवडावी.