चाकांवरचं घर आणि बाहेरचं खळं

२०२४ सालची भाऊबीज आम्ही फ्लोरिडातल्या झाडीत, एका मोटरहोमच्या कापडी छपराखाली साजरी केली. कणकवलीहून आई आली होती. अटलांटाहून धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांची लेक आले होते. आम्ही जॅक्सनव्हिलला राहतो; मी, नवरा आणि दोन मुलं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले, गुरुवारी, ३१ ऑक्टोबरला. पूजा घरी केली आणि शुक्रवारी भाड्याचं मोटरहोम घेऊन ऑरलँडोजवळच्या फोर्ट वाइल्डरनेसला निघालो.

हे डिस्नीचं कॅम्पग्राउंड. डिस्नी वर्ल्ड उघडलं ऑक्टोबर १९७१ मध्ये आणि पुढच्याच महिन्यात हेही सुरू झालं. बे लेक नावाच्या तळ्याच्या काठी साडेसातशे एकरांच्या आसपास झाडी, तिच्यात गोलाकार रस्ते, आणि प्रत्येक रस्त्यावर गाड्या लावायच्या जागा. जागेपाशी वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी. त्या तीन दिवसांत जे शिकलो, ते नव्याने जाणाऱ्या कुटुंबांसाठी लिहीत आहे.

१. पहिल्या वेळी मोठ्या गाडीचा मोह टाळा.

मोटरहोमचे तीन वर्ग आहेत. ‘ए’ म्हणजे थेट बस, पंचेचाळीस फुटांपर्यंत लांब. ‘बी’ म्हणजे व्हॅनच्या आत बसवलेलं घर. ‘सी’ म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं. नवऱ्याच्या मनात ‘ए’ होती. बराच विचार करून आम्ही तीस फुटी ‘सी’ घेतली, आणि ती मागे घेताना कळलं की तीस फूटही काही कमी नाहीत. मागच्या चाकांच्या पलीकडे गाडीचा बराच भाग असतो. वळताना तो उलट्या बाजूला फिरतो आणि झाडाला जाऊन लागतो. मागे एक माणूस उभा हवाच, आणि तो ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा ठिकाणी हवा. तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला.

पेट्रोलचा हिशेबही आधीच करा. अशी गाडी गॅलनला आठ ते दहा मैल देते. आमचा प्रवास एका बाजूने सुमारे १६० मैलांचा. गाडीचं भाडं, जागेचं भाडं आणि पेट्रोल मिळून हे हॉटेलपेक्षा स्वस्त पडत नाही. पैसे वाचतील म्हणून जाणार असाल तर जाऊ नका.

२. गाडी ताब्यात घेताना घाई करू नका.

ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी सगळं वीस मिनिटांत दाखवलं. आम्ही माना हलवल्या. संध्याकाळी तळावर पोचल्यावर त्यातलं निम्मंही आठवेना, आणि पिण्याच्या पाण्याची नळी सामानात नव्हतीच. ती तिथल्या दुकानातून घ्यावी लागली. मुलाने दाखवणीचा थोडा व्हिडिओ काढला होता, त्यावर निभावलं. तुम्ही सगळी दाखवणी चित्रित करा. गाडीच्या बाजूने बाहेर सरकणारी एकेक खोली उघडून पुन्हा आत घ्यायला लावा. पिण्याच्या पाण्याची वेगळी नळी, पाण्याचा दाब कमी करणारी तोटी, रबरी हातमोजे, विजेरी आणि चाकांखाली घालायचे ठोकळे नजरेने मोजून घ्या.

३. वीज मोजून मिळते.

आमच्या गाडीची जोडणी तीस अँपिअरची होती. १२० व्होल्टला म्हणजे ३,६०० वॅट, सगळ्या घराला मिळून. नोव्हेंबर लागला तरी फ्लोरिडात दुपारी एसी लागतो. शुक्रवारी संध्याकाळी एसी चालू, वहिनीने इन्स्टंट पॉट लावलेला, आणि मी मायक्रोवेव्ह सुरू केला. सगळं एकदम बंद! पन्नास अँपिअरच्या मोठ्या गाड्यांना दोन वेगळ्या तारांतून मिळून १२,००० वॅट मिळतात, त्यांना ही अडचण येत नाही. आमच्यासारख्यांनी जोडणीच्या खांबावरचा खटका पाहायचा, मग गाडीतला.

आई मात्र शांत होती. भारनियमनाची वर्षं तिने कणकवलीत काढली आहेत. “एका वेळी एकच चालवा,” ती म्हणाली. मुलांनी तिचं वाक्य कागदावर लिहून स्वयंपाकाच्या ओट्यापाशी चिकटवलं, आणि पुन्हा एकदाही खटका पडला नाही. वर्षभर विजेच्या बिलावरून जे समजावता आलं नव्हतं, ते मुलांना त्या एका अंधाराने शिकवलं.

४. गरम पाणी कोणासाठी, ते आधी ठरवा.

शनिवारी पाडवा. अभ्यंगस्नान करायचं होतं. आमच्या गाडीतला गरम पाण्याचा बंब सहा गॅलनचा, म्हणजे तेवीस लिटरच्या आत. एक माणूस निवांत न्हायला की तो रिकामा होतो, आणि पाणी पुन्हा तापेपर्यंत वाट पाहावी लागते. आम्ही ठरवलं, गाडीतलं गरम पाणी आईचं. बाकीचे तेल-उटणं लावून, टॉवेल खांद्यावर टाकून सार्वजनिक न्हाणीघराकडे चालत गेलो. फोर्ट वाइल्डरनेसमध्ये ती थोड्या थोड्या अंतरावर आहेत आणि स्वच्छ आहेत. उजाडायच्या आत पाइनच्या झाडांखालून, उटण्याच्या वासात केलेली ती चाल मुलांना सहलीतल्या इतर कशाहूनही जास्त आठवते. गाडीत न्हाणीघर आहे म्हणून तेच वापरलं पाहिजे असं नाही.

५. मैल्याची टाकी घरातल्याच माणसाने रिकामी करावी.

या मुद्द्यावर मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण याविषयी आपल्यात कोणी मोकळं बोलत नाही. मोटरहोममध्ये सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. बेसिन आणि न्हाणीची एक, संडासाची दुसरी. जागेवर सांडपाण्याची जोडणी असली, तरी संडासाच्या टाकीची झडप सतत उघडी ठेवायची नसते. तशी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट मैला तळाशी साचतो. टाकी निदान दोन-तृतीयांश भरू द्यायची, मग उघडायची. आधी संडासाची टाकी, नंतर न्हाणीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. हातमोजे घालायचे. त्या नळीचा आणि पिण्याच्या नळीचा एकमेकींना स्पर्शही होऊ द्यायचा नाही.

हे आम्हाला शिकवलं शेजारच्या आजोबांनी. त्यांची पंचेचाळीस फुटी गाडी म्हणजे क्यूबेकच्या प्रेव्हो कंपनीच्या बसच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. आत दगडी ओटा, कपडे धुण्याचं यंत्र, चामड्याच्या खुर्च्या. अशा नव्या गाडीची किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे जाते. निवृत्तीनंतर घर विकून आजी-आजोबा बारा महिने त्याच गाडीत राहतात. आणि इतक्या श्रीमंत गाडीचा मैला आजोबा स्वतःच्या हाताने काढतात. त्यासाठी दुसरं कोणी येत नाही.

रात्री मी हे आईला सांगितलं. ती कणकवलीची, गोपुरी आश्रमाच्या गावची. अप्पासाहेब पटवर्धनांविषयी ऐकत ती वाढली. सवर्ण घरातल्या या माणसाने रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम आपल्याला मिळावं म्हणून हट्ट धरला होता, आणि पुढे गोपुरीचे संडास घडवले ते कुणाला दुसऱ्याचा मैला हाताने उचलावा लागू नये म्हणून. आपल्या समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या काही घरांवर लादलं आणि वर त्या माणसांनाच दूर ठेवलं. ते बंद करायला १९९३ आणि २०१३ साली कायदे करावे लागले. आई म्हणाली, “नातवाला शिकव ते काम.” रविवारी सकाळी माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने बापाबरोबर हातमोजे घालून ते केलं. मला त्याचा अभिमान वाटतो.

६. फोडणी बाहेर द्या.

गाडीत शेगडी असते, पण छत डोक्याला लागेल इतकं जवळ आणि धुराचा भोंगा त्याहून जवळ. मोहरी तडतडून मिरची पडली की तो वाजतोच. चालू गॅसच्या गाडीत धूर-वायूचे भोंगे बंद करणं हा जिवाशी खेळ आहे, ते कधीही करू नका. त्याऐवजी स्वयंपाक बाहेर काढा. एक छोटी शेगडी आणि जागेवरचं लाकडी टेबल पुरतं. फराळ घरून करून नेला होता. तिथे फक्त डाळ-भात, बटाट्याची भाजी आणि सोलकढी.

शेकोटीसाठी घरची लाकडं मात्र नेऊ नका. लाकडातून कीड प्रवास करते. ॲश झाडांना मारणारा हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि तिथून पसरत गेला; त्यात सरपणाच्या वाहतुकीचा मोठा हात होता. लाकूड जिथे जाळायचं, तिथेच विकत घ्यायचं.

७. कंदील लावा, शेजारी येतात.

तळावर अजून हॅलोविनची सजावट होती. भोपळे, हाडांचे सापळे, जांभळ्या दिव्यांच्या माळा. भाचीने घरी केलेला कागदी आकाशकंदील आम्ही छपराच्या काठीला टांगला, आत बॅटरीचा दिवा ठेवून. पणत्या बाहेरच्या टेबलावर, पाण्याने भरलेल्या ताटलीत लावल्या. फटाके नाहीत. रात्री दहानंतर आवाज नाही. थोड्या वेळाने गोल्फ-कार्टवरून जाणारं एक कुटुंब थांबलं, मग दुसरं. वहिनीने चकलीचा डबा उघडला. शेजारच्या आजी आईजवळ बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने त्यांना करंजीची मुरड कशी घालतात ते रिकाम्या बोटांनी दाखवलं. पाच वर्षांत आमच्या जॅक्सनव्हिलच्या गल्लीत आम्ही इतक्या शेजाऱ्यांशी बोललो नव्हतो. तिथे प्रत्येक जण गाडी घेऊन थेट गॅरेजमध्ये शिरतो आणि मागे दार खाली येतं.

८. बेत कमी करा, पाण्यापासून लांब राहा.

मुलांना मॅजिक किंगडम हवं होतं. आम्ही नाही म्हणालो आणि ते बरोबर ठरलं. दोन रात्रींत थीम पार्क घुसवलं असतं तर आई गाडीत एकटी बसली असती. शनिवारी रात्री सगळे तळ्याच्या किनाऱ्यावर गेलो. दिव्यांनी केलेले जलचर तराफ्यांवरून पाण्यावर सरकत जातात. हा खेळ १९७१ पासून चालत आलेला आणि फुकट. पण फ्लोरिडात गोडं पाणी दिसलं की आत ॲलिगेटर आहे असंच धरून चालायचं. लहान मुलाचा हात धरायचा, विशेषतः अंधार पडल्यावर, आणि काठापासून मागे बसायचं. खाण्याचे डबेही रात्री बाहेर ठेवू नयेत, रॅकून येतात.

आकाशावरही लक्ष ठेवा. आम्ही जायच्या तीन आठवडे आधी, ९ ऑक्टोबरला, मिल्टन चक्रीवादळ फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळलं होतं. मोटरहोम कितीही भक्कम दिसलं तरी वादळात ते घर नव्हे. जायचं रद्द करायची मनाची तयारी ठेवूनच नोंदणी करा. आणि वारा नसला तरी झोपण्यापूर्वी कापडी छप्पर गुंडाळा. रात्रीतून आलेल्या एका सरीने ते फाटू शकतं.

९. गाडी झोपण्यापुरती असते.

पहिल्या संध्याकाळी छप्पर उघडून खाली सतरंजी अंथरली तेव्हा आई म्हणाली, “ह्यां तर आपलां खळांच गो!” आमच्या कणकवलीच्या घरापुढे सारवलेलं खळं आहे. तांदूळ वाळवणं, सुपाऱ्या सोलणं, पाहुण्यांशी गप्पा, सगळं तिथे. घरात माणसं झोपायला जात. गाडीतल्या सगळ्या सोयी आम्ही भाड्यात मोजल्या होत्या, मात्र तीन दिवस आम्ही त्या आठ फूट सावलीत राहिलो.

रविवारी पहाटे दोनला अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली. अकराच्या आत जागा सोडायची होती, तरी भाऊबीजेला एक तास जास्त मिळाला. सतरंजीवर पाट म्हणून उशी ठेवली. मी भावाला ओवाळलं, माझ्या मुलीने तिच्या दादाला, आणि भावाच्या एकुलत्या एक लेकीनेही माझ्या मुलाला. आई खुर्चीत बसून बघत होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा भाऊबीज तिच्या डोळ्यांसमोर झाली.

तुम्ही जाल तेव्हा गाडी परवडेल ती घ्या, छोटी असली तरी चालेल. आई-वडील इकडे आलेले असतील तर त्यांना बरोबर न्या. आणि सतरंजी मोठी घ्या.