आनंदीबाई म्हणजे नेमक्या कोणत्या? एक नाव, तीन स्त्रिया



परिपाठात ३१ मार्चचा दिनविशेष आला की आमच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "आज डॉ. आनंदीबाई जोशी यांची जयंती" असं वाचून होतं न होतं तोच मागून कोणीतरी विचारतं, "बाई, यांनीच 'ध'चा 'मा' केला ना?" मुलं हसतात. पण हे हसून सोडून देण्यासारखं नाही. आमची शाळा आंबिवलीची, शहाड सोडलं की पुढचं स्टेशन कल्याण. त्याच कल्याणात वाढलेली मुलगी आपल्या मुलांना खुनाच्या कटातली वाटावी, हे काही बरं नाही.

तर आधी 'ध'चा 'मा' निकालात काढू. ती गोष्ट आनंदीबाई पेशव्यांची, म्हणजे राघोबादादांच्या पत्नीची. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीतलं 'धरावे' हे आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, असं सांगतात. खून हा इतिहास आहे, चिठ्ठीची गोष्ट मात्र लोकांच्या तोंडी राहिलेली कथा आहे. शिकवताना 'असं सांगतात' हे दोन शब्द गाळू नका. आणि फळ्यावर वजाबाकी करून घ्या: १८६५ वजा १७७३. डॉक्टर आनंदीबाई जन्मल्या तेव्हा त्या खुनाला ९२ वर्षं झाली होती. एवढ्यानेच निम्मा घोळ मिटतो.

आता डॉक्टर आनंदीबाई. त्यांचं माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोश्यांशी लग्न झालं आणि यमुनेची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहाच दिवस जगलं. डॉक्टर होण्याच्या निश्चयामागे हे दुःख होतं, ते मुलांना जरूर सांगा. चौथीच्या मुलांना ते कळतं. १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, नवरा बरोबर नव्हता. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली होती, पण क्षयाने गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

तिसऱ्या आनंदीबाई कर्वे. यांच्याकडे पुस्तकांचं फारसं लक्ष जात नाही, म्हणून मी इथे मुद्दाम जास्त वेळ देते. माहेरचं नाव गोदूबाई, आणि गंमत म्हणजे आडनाव जोशीच! आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तिथे शिकायला आलेली पहिली विधवा म्हणजे या गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्याबद्दल मुरूड गावाने कर्व्यांना वाळीत टाकलं. या लग्नात त्यांचं नाव आनंदी झालं. त्यांचं 'माझे पुराण' हे आत्मचरित्र शिक्षकांनी तरी वाचायलाच हवं.

डॉक्टर आनंदीबाईंच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात पंडिता रमाबाई स्वतः हजर होत्या. म्हणजे एकाच बाईने तीन वर्षांच्या अंतराने एका आनंदीचं कौतुक पाहिलं आणि दुसरीला, ती अजून गोदू असताना, शाळेत घेतलं. हा धागा सांगितला की मुलं दोघींना विसरत नाहीत.

(पुरुषांतही घोळ आहेच. गोपाळ गणेश आगरकर, गोपाळ कृष्ण गोखले, गोपाळ हरी देशमुख आणि आपले गोपाळराव जोशी. पण त्यांच्यापैकी कोणाचं नाव लग्नात बदललं नाही.)

यावरून मी एक छोटा उपक्रम घेतला. घरातल्या मोठ्या बायकांना त्यांचं लग्नाआधीचं नाव विचारायचं आणि वहीत लिहून आणायचं. एका मुलीला आजीचं माहेरचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "आजी सांगताना लाजली," असं ती म्हणाली. वर्गात उत्तरेकडच्या घरांतली मुलंही आहेत. "आमच्यात आईचं नाव तेच राहिलं," असं त्यांच्यातल्या दोघांनी सांगितलं, आणि मग बाकीच्यांनी "मग आपल्यातच का?" असं विचारलं. उत्तर मी दिलं नाही, घरी विचारा म्हटलं. पालकांनो, टाळू नका. ज्या मुलाच्या घरी आई नाही, त्याला मावशी, शेजारच्या काकू, कोणीही चालेल हे आधीच सांगून ठेवावं.

चाचणीत 'आनंदीबाईंविषयी पाच वाक्ये लिहा' असा प्रश्न काढू नका. आडनाव द्या, साल द्या, जमलं तर माहेरचं नावही. हाच पाठ पुढे रमाबाईंवर घेता येईल: पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे, रमाबाई आंबेडकर. तयारी करताना एक लक्षात ठेवा, रानड्यांच्या रमाबाईंचं माहेरचं नावही यमुनाच होतं.