अंगवळणी पडलेले काम नव्याने शिकणे

नवशिक्याला नवे काम शिकविणे सोपे. जाणत्याला तेच काम निराळ्या रीतीने करावयास लावणे कठीण. हा अनुभव वर्गात येतो, तसाच शाळेच्या दप्तरातही येतो. त्याची कारणे उमगावीत म्हणून मुंबईतील लोअर परळ व त्याभोवतीच्या गिरणगावातील दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण : गिरणी

येथील कापडगिरण्यांत एक विणकर सामान्यतः दोन माग सांभाळी. गिरणीच्या बोलीत मागास साचा म्हणत. धोट्यातील कांडी बदलणे, तुटलेला धागा सांधणे ही कामे हात आपोआप करी. पुढे काही गिरण्यांत दोनांऐवजी तीन साच्यांची पद्धत सुरू झाली आणि १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सार्वत्रिक संप झाला. त्या संपाचे एक पुढारी ना. म. जोशी यांचे नाव आज तेथील जुन्या डिलाईल रोडला दिलेले आहे. हा विरोध केवळ सवयीपोटी नव्हता. साचे वाढले की माणसे कमी होणार ही भीती त्यात होती, मजुरीचा प्रश्नही होता. म्हणून बदलास होणारा प्रत्येक विरोध आळसातून येतो असे समजणे अन्यायाचे आहे.

दुसरे उदाहरण : कचेरी

१९८२ च्या संपानंतर गिरण्या क्रमाने बंद पडल्या. फिनिक्स, कमला अशा गिरण्यांच्या आवारांत दुकाने व कचेऱ्या आल्या. कचेरीतील साधन म्हणजे संगणक. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २००७ च्या आवृत्तीत आज्ञांच्या परिचित याद्या जाऊन त्यांच्या जागी चित्रांची रुंद पट्टी आली. पत्र लिहिणे, कोष्टक आखणे हे काम तेच राहिले. आज्ञांच्या जागा मात्र बदलल्या. जुनी मांडणी परत आणण्याची सोय मूळ संचात नव्हती. काल न पाहता काम करणारा कारकून आज एकेक आज्ञा शोधू लागला. नवशिक्यास हा त्रास नव्हता, कारण त्याला विसरावयाचे काहीच नव्हते.

कारणमीमांसा

थॉर्नडाइक व वुडवर्थ यांनी १९०१ साली दाखविले की, दोन कामांत समान घटक असतील तितके एकाचे शिक्षण दुसऱ्यास उपयोगी पडते. परंतु प्रसंग तोच असून कृती निराळी करावयाची असेल, तर जुनी सवय आड येते. यास ऋण संक्रमण म्हणतात. त्यात मानहानीची भर पडते. काल ज्याला इतर विचारीत, त्याला आज इतरांना विचारावे लागते. चिडण्याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

शिक्षकांनी काय करावे

१. काय बदललेले नाही ते प्रथम सांगावे. वजाबाकीची नवी रीत शिकविताना एककाखाली एकक मांडण्याचा नियम कायम आहे, हे मुलांस आधी दाखवावे.

२. जुनी व नवी रीत एकाच तासात मिसळू नये.

३. सराव थोडा पण रोज घ्यावा. आरंभी वेगाची अपेक्षा धरू नये.

४. माहिती भरण्याची संगणकीय रीत बदलली असता तरुण सहकाऱ्याने ज्येष्ठांचे काम स्वतः उरकून देऊ नये. शेजारी बसून त्यांच्याच हातून करवून घ्यावे.

५. नव्या रीतीने काम खरोखर वाढत असेल, तर ते नेमके लिहून वरिष्ठांस कळवावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील ऋण संक्रमणाचे एक उदाहरण द्या.

२. सवयीमुळे होणारा विरोध व रास्त तक्रार यांतील भेद कसा ओळखाल?